लंच अकाउंट निगेटिव्ह झालं की मुलं जेवणच सोडतात

वाचकांचे प्रश्न

या वेळी अमेरिकेतल्या वाचकांची पत्रं जास्त आली आणि त्यातली बरीचशी शाळेतल्या जेवणाच्या थकलेल्या पैशांबद्दल होती, म्हणून बाकीचे प्रश्न पुढच्या अंकात, आज फक्त हेच घेतेय. भारतातल्या वाचकांसाठी थोडक्यात सांगते, तिथे बऱ्याच राज्यांत सरकारी शाळेतसुद्धा जेवण सगळ्यांना फुकट नसतं. प्रत्येक मुलाचं लंच अकाउंट असतं, पालक त्यात पैसे टाकतात, मूल ट्रे घेऊन कॅशियरपाशी येतं, आपला पिन नंबर दाबतं आणि पैसे कटतात. घरचं उत्पन्न कमी असेल तर फुकट किंवा सवलतीत, बाकीच्यांना पूर्ण दर. पैसे संपले की उधारी चढायला लागते आणि मग त्या मुलाला जेवण द्यायचं का, कुठलं द्यायचं, आईवडिलांना कळवायचं कसं, हे बऱ्याच अंशी त्या त्या स्कूल डिस्ट्रिक्टच्या, म्हणजे त्या भागातल्या सरकारी शाळा चालवणाऱ्या स्थानिक यंत्रणेच्या, पॉलिसीवर असतं.

प्रश्न: माझी मुलगी चौथीत आहे, आम्ही टेक्ससला असतो. मिस्टरांचा जॉब गेला होता, आता मिळालाय पण पगार बराच कमी. त्या गडबडीत तिच्या लंच अकाउंटमध्ये पैसे टाकायचे राहिले, शाळेच्या ईमेल मिस्टरांच्या जुन्या आयडीवर जात होत्या. कॅशियर तिला सांगत होती म्हणे की आईला सांग बॅलन्स संपलाय, पण तिने घरी एक शब्द काढला नाही आणि लाईनमध्ये जाणंच बंद केलं. टीचरचा फोन आला तेव्हा आम्हाला कळलं. पैसे लगेच भरले पण आता ती डबाही नको म्हणते आणि लंचही नको, पोट दुखतं म्हणते. इतके दिवस खोटं का बोलली आमच्याशी?

उत्तर: ताई, मला नाही वाटत ती खोटं बोलली. नऊ वर्षांच्या मुलीला घरात काय चाललंय ते सगळं कळतं, तुम्ही दोघं रात्री हळू आवाजात बोलता तेही कळतं. बाबांचा जॉब गेलाय, पैशाचं टेन्शन आहे, त्यात आपण जाऊन अजून पैसे मागायचे का, असा विचार करून तिने तिच्यापुरता मार्ग काढला की आपण जेवलोच नाही तर पैसे लागणारच नाहीत. तुम्हाला सांभाळायला गेली ती. म्हणून आधी तिला जवळ घेऊन सांगा की पैशाचं आम्ही दोघं बघतो, ते काम तुझं नाही, आणि तू न जेवल्याने आमचा एक डॉलरही वाचायला नकोय आम्हाला. एकदा सांगून पुरत नाही हे, अधूनमधून परत सांगावं लागतं आणि सांगताना रागावलेलं अजिबात दिसू नये, नाहीतर तिला वाटेल की आपलं काहीतरी चुकलं म्हणून हे समजावतायत.

पैसे भरले तरी ती जेवत नाहीये याचं कारण मला वाटतं ती लाईनच आहे. तिच्या जागी उभं राहून बघा ना, मागे वर्गातली दहा मुलं, पुढे कॅशियर, पिन दाबला की स्क्रीनवर काय येणार याची धाकधूक, आणि मग ती बाई सगळ्यांदेखत काहीतरी बोलणार. कॅशियर वाईट असते असं नाही, बहुतेक वेळा ती बिचारी सांगितलेलं काम करत असते, पण मुलासाठी ते चारचौघात आपल्या घराबद्दल बोलणं असतं. एकदा असं झालं की पुढच्या वेळी त्या जागेजवळ जातानाच पोटात गोळा येतो आणि तो खरा असतो, नाटक नसतं ते. सलग आठवडाभर पोटाची तक्रार राहिली तर डॉक्टरना दाखवाच, पण त्याबरोबर शाळेच्या काउन्सिलरशीही बोला.

दुसरं काम लेखी करा. कॅफेटेरिया मॅनेजर आणि प्रिन्सिपल दोघांना एकाच ईमेलमध्ये कळवा की बॅलन्सबद्दलचा कुठलाही निरोप मुलीकडे द्यायचा नाही, फक्त पालकांना फोन किंवा ईमेल करायचा, आणि चालू असलेला ईमेल आयडी द्या. लो बॅलन्सचा अलर्टही लावून ठेवा. टेक्ससमध्ये २०१७ पासून कायदाच आहे की खातं संपल्यावर ग्रेस पिरियड द्यायचा, म्हणजे तेवढे दिवस मुलाला जेवण मिळत राहतं, पालकांना कळवायचं आणि त्यावर फी किंवा व्याज लावायचं नाही. दिवस किती हे डिस्ट्रिक्ट ठरवतं, तुमच्याकडे किती आहेत ते विचारून घ्या. आणि एक नियम सगळ्या देशाला लागू आहे जो कोणी सांगतच नाही, मूल त्या दिवशीच्या जेवणाचे पैसे हातात घेऊन आलं असेल तर त्याला जेवण द्यावंच लागतं, ते पैसे जुन्या उधारीत वळते करता येत नाहीत. पुढे कधी तंगी आली तर हे लक्षात ठेवा.

तुम्ही विचारलं नाहीत पण तिला हेही हळूच विचारा की कधी ट्रे हातातून काढून घेतला का, किंवा वेगळं थंड सँडविच दिलं का. काही डिस्ट्रिक्टमध्ये उधारी ठरावीक रकमेच्या वर गेली की गरम जेवणाऐवजी चीज सँडविच द्यायची पद्धत होती आणि काही ठिकाणी अजून आहे. सॉल्ट लेक सिटीच्या एका प्राथमिक शाळेत जानेवारी २०१४ मध्ये चाळीसेक मुलांचे ट्रे त्यांच्या हातातून घेऊन जेवण कचऱ्यात टाकलं होतं, कारण एकदा वाढलेलं जेवण नियमाने दुसऱ्या मुलाला देता येत नाही. म्हणजे अन्नही गेलं आणि मूलही उपाशी राहिलं, आणि उधारी जिथल्या तिथे. अलाबामात २०१६ मध्ये एका मुलाच्या हातावर लंचचे पैसे हवेत असा शिक्का मारून घरी पाठवलं होतं. हे वाचून मला आजही राग येतो. तुमच्या मुलीच्या बाबतीत यातलं काही झालं असेल तर ते लेखी विचारा, फोनवर नको.

प्रश्न: आम्ही न्यू जर्सीत राहतो, दोघंही नोकरी करतो आणि मुलांचे लंचचे पैसे कायम वेळेवर भरतो. पण काही पालक सरळ भरतच नाहीत. शाळेने काहीच ॲक्शन घ्यायची नाही का? असं चाललं तर उद्या कोणीच भरणार नाही. तुम्ही नेहमी मुलांची बाजू घेता, शाळेचीही घ्या.

उत्तर: शाळेची अडचण खरी आहे दादा, ती आधी सांगते. शाळेच्या किचनचा हिशोब वेगळा असतो, तो ना नफा ना तोटा चालवायचा असतो, आणि बुडीत गेलेली उधारी त्या खात्यातून भागवायला फेडरल नियमाने बंदी आहे. ती भरायची तर डिस्ट्रिक्टच्या जनरल फंडातून नाहीतर देणग्यांतून, म्हणजे शेवटी दुसरं काहीतरी कापूनच. २०१७ च्या जुलैपासून प्रत्येक डिस्ट्रिक्टकडे या उधारीची लेखी पॉलिसी असावी लागते. तेव्हा शाळांनी वसुली करूच नये असं मी म्हणत नाही. फोन करा, पत्रं पाठवा, हप्ते बांधून द्या, पालकांना बोलावून घ्या.

पण ॲक्शन कोणावर होतेय ते बघा ना. आपल्याकडे वाण्याकडे महिन्याची उधारी थकली तर वाणी बापाला गाठायचा, पोराच्या हातातला घास नाही काढून घ्यायचा. तुमच्याच राज्यातलं चेरी हिल घ्या. तिथे आधी नियम होता की १० डॉलर थकले की ट्युना सँडविच आणि २० डॉलर थकले की काहीच नाही. त्यावर बरीच ओरड झाली, मग २०१९ मध्ये ठरलं की गरम जेवण देऊ पण ७५ डॉलरच्या वर उधारी असेल तर प्रॉम म्हणजे हायस्कूलची मोठी डान्स पार्टी, इतर डान्स, फील्ड ट्रिप बंद. आता यात भरणारा कोण आणि भोगणारा कोण? दहावी अकरावीच्या मुलाने ते ७५ डॉलर आणायचे कुठून, आणि वर्गात सगळ्यांना कळतंच ना की हा ट्रिपला का नाही आला. त्याच वर्षी पेन्सिल्व्हेनियातल्या एका डिस्ट्रिक्टने पालकांना पत्रच पाठवलं की पैसे भरले नाहीत तर प्रकरण कोर्टात जाऊ शकतं आणि मुलांना फॉस्टर केअरमध्येही, म्हणजे आईवडिलांपासून काढून दुसऱ्या घरी, टाकलं जाऊ शकतं. असं पत्र घरात आल्यावर त्या घरातल्या मुलाला झोप कशी लागली असेल हा विचार ज्याने पत्र लिहिलं त्याने केलाच नाही.

आणि पैसे न भरणारे सगळे मुद्दाम चुकवतात हे मला पटत नाही. ज्यांचं उत्पन्न खूप कमी आहे त्यांना जेवण फुकट असतं, जेवणाची उधारी त्यांच्यावर चढतच नाही. चढते ती बहुतेक करून त्यांच्यावर जे थोडक्यासाठी मर्यादेच्या वर आहेत किंवा ज्यांनी फॉर्म भरलाच नाही. २०२५-२६ साठी चार जणांच्या कुटुंबाला वर्षाला ४१,७९५ डॉलरपर्यंत फुकट आणि ५९,४७८ डॉलरपर्यंत सवलतीत, सवलतीत म्हणजे लंचला जास्तीत जास्त ४० सेंट आणि ब्रेकफास्टला ३० सेंट. त्याच्या वर दोनशे डॉलर जरी कमाई गेली तरी पूर्ण दर. आणि ही मर्यादा मुख्य भूमीवरच्या ४८ राज्यांना एकच, मग तुम्ही महागड्या गावात राहा नाहीतर स्वस्त गावात. तुमच्या न्यू जर्सीने ती स्वतःच्या पैशाने पॉव्हर्टी लाईनच्या २२४ टक्क्यांपर्यंत नेलीय हे चांगलं केलंय, पण सगळी राज्यं असं करत नाहीत.

अजून एक गोष्ट मला खटकते. फुकट किंवा सवलतीत जेवणारी मुलं कोण हे उघड होईल असं काहीही करायला फेडरल कायद्याने बंदी आहे, वेगळी लाईन नाही, वेगळं कुपन नाही. पण पूर्ण दराच्या मुलाची उधारी थकली तर त्याला तसं भक्कम संरक्षण सगळीकडे नाही, ते राज्याच्या कायद्यावर अवलंबून. न्यू मेक्सिकोने सगळ्यात आधी २०१७ मध्ये कायदा करून अशा मुलांना वेगळं काढणं, कामाला लावणं, जेवण फेकून देणं बंद केलं. तो बिल आणणारे सिनेटर मायकेल पडिया स्वतः फॉस्टर होममध्ये वाढले आणि लहानपणी जेवणासाठी त्यांनी शाळेच्या कॅफेटेरियाची फरशी पुसलीय. ज्याने भोगलं त्यालाच कळलं की कायद्यात नेमकं काय लिहायला हवं. त्याच वर्षी कॅलिफोर्नियानेही असा कायदा केला, नंतर व्हर्जिनियाने मनगटाला पट्टा बांधणं, हातावर शिक्का मारणं, उधारीपायी कामं करून घेणं बंद केलं.

उद्या कोणीच भरणार नाही या तुमच्या मुद्द्याला माझं उत्तर असं की मग जेवणच शाळेचा भाग करून टाका, जसं पुस्तक आणि बस असते. कोविडमध्ये २०२० च्या मार्चपासून जून २०२२ पर्यंत देशभर हे करून झालंय, अर्ज नाही, उधारी नाही. ती सवलत संपल्यावर फॉर्म परत आले आणि उधारीही परत आली. पण कॅलिफोर्निया, मेन, कोलोरॅडो, मिनेसोटा, न्यू मेक्सिको, व्हरमाँट, मिशिगन, मॅसॅच्युसेट्स यांनी सगळ्यांना फुकट जेवण चालू ठेवलं किंवा नव्याने सुरू केलं आणि २०२५ मध्ये न्यूयॉर्क राज्यही त्यात आलं. न्यूयॉर्क शहरात तर हे २०१७ पासूनच आहे. तिथल्या मिडल स्कूल्सचा जो अभ्यास झाला त्यात दिसलं की सगळ्यांना फुकट दिल्यावर जेवणारी मुलं वाढली आणि गणित-इंग्लिशचे मार्कही थोडे सुधारले, आणि तेही फक्त गरीब मुलांचे नाही तर तुमच्यासारख्या नीट कमावणाऱ्या घरातल्या मुलांचेसुद्धा.

प्रश्न: आम्ही एच-वन वर आहोत. उत्पन्न कमी झालंय म्हणून फ्री लंचचा फॉर्म भरावा असं बायको म्हणते, पण ग्रीन कार्डच्या वेळी सरकारी मदत घेतली असं धरतील अशी भीती वाटते. मित्रांनीही नको सांगितलं.

उत्तर: मित्र काळजीपोटी सांगतात पण या भीतीने कितीतरी आपली माणसं फॉर्म भरत नाहीत आणि मुलं उधारीत जातात. ग्रीन कार्डच्या वेळी हा माणूस सरकारी मदतीवर अवलंबून राहील का ते बघतात, त्याला पब्लिक चार्ज म्हणतात. त्याचे आत्तापर्यंतचे नियम बघितले, १९९९ ची गाईडलाईन, २०१९ चा कडक नियम आणि २०२२ चा नियम, तर या तिन्हीत शाळेतलं जेवण मोजलेलं नाही. तुमची फाईल चालू असेल तर वकिलाला एक ईमेल टाकून आजची स्थिती विचारून घ्या म्हणजे डोक्याला शांतता. फॉर्ममध्ये इमिग्रेशन स्टेटस विचारत नाहीत. सही करणाऱ्याच्या सोशल सिक्युरिटी नंबरचे शेवटचे चार आकडे मागतात आणि नंबर नसेल तर तसं सांगणारा चौकोन असतो, त्यावर टिक करायची.

फॉर्म वर्षात कधीही भरता येतो, ऑगस्टमध्येच भरला पाहिजे असं नाही, हे बऱ्याच जणांना माहीतच नसतं. घरातल्या सगळ्या मुलांना मिळून एकच फॉर्म. पगार टॅक्स कापायच्या आधीचा लिहायचा आणि कायम तुमच्याकडे राहणारे, ज्यांचा खर्च एकत्र आहे असे आजीआजोबाही कुटुंबात मोजायचे, त्याने मर्यादा वाढते. एकदा मंजूर झालं की ते वर्ष संपेपर्यंत आणि पुढच्या वर्षीचे शाळेचे पहिले ३० दिवसांपर्यंत चालतं, मध्येच पगार वाढला तरी. फक्त मंजुरीच्या आधीची उधारी आपोआप पुसली जात नाही, म्हणून उत्पन्न कमी झालं त्याच आठवड्यात भरा, अजून थोडं बघू करत बसू नका.

प्रश्न: मुलाला फ्री लंच मंजूर आहे तरी अकाउंट निगेटिव्ह दाखवतंय! आम्ही शाकाहारी आहोत, तो फक्त दूध आणि कधी चिप्स घेतो. शाळा फसवतेय का?

उत्तर: नाही, यात शाळेची फसवणूक नाही, नियम तसा आहे आणि कोणी नीट समजावून सांगत नाही एवढंच. सरकार पैसे देतं ते पूर्ण जेवणाचे. लंचमध्ये पाच गट असतात, फळ, भाजी, धान्य, मांस किंवा त्याला पर्याय, आणि दूध. मुलाने यातले निदान तीन घेतले आणि त्यात अर्धा कप फळ किंवा भाजी असली तर ते पूर्ण जेवण धरतात. हायस्कूलमध्ये असं निवडायची मुभा द्यावीच लागते, खालच्या वर्गांत बहुतेक शाळा देतात. नुसतं दूध घेतलं तर ते सुटं विकलेलं धरतात आणि चिप्सही बहुतेक वेळा सुट्याच, त्याचे पैसे फ्री लंचवाल्यालाही पडतात. म्हणजे त्याने मांस सोडून फळ, भाजी, पोळी किंवा ब्रेड आणि दूध घेतलं तर ते चालतं आणि एक सेंटही लागत नाही. हे त्याला घरीच ट्रेचं चित्र काढून समजावा. आणि सुट्या वस्तू खात्यावर द्यायच्या नाहीत असा ब्लॉक टाकून मिळतो का ते कॅफेटेरियाला विचारा, बऱ्याच ठिकाणी मिळतो.

प्रश्न: मुलगा हायस्कूलला आहे. फ्री लंच आहे पण मित्रांसमोर घेत नाही, घरी चारला येऊन तुटून पडतो. जबरदस्ती करू का?

उत्तर: जबरदस्ती नका करू. पिन तर सगळेच दाबतात पण शेजारी पिझ्झा-कुकीजची विकतची लाईन असते, पैसेवाली मुलं तिकडे वळतात आणि कोण कुठल्या लाईनमध्ये हे सगळ्यांना दिसतं, या वयात ते फार लागतं मनाला. शाळेत सकाळी जाताजाता उचलायचा ब्रेकफास्ट मिळत असेल तर तो घे म्हणा, तिथे कोणी कोणाकडे बघत नाही. दुपारसाठी पोटभरीचं काहीतरी बॅगेत द्या. उपाशीपोटी शेवटचे दोन तास वर्गात डोकं चालत नाही, चिडचिड होते, हे त्याच्या मार्कांबद्दल बोलताना धरून चला.

प्रश्न: आम्ही काही मराठी पालक मिळून आमच्या शाळेतल्या मुलांची उधारी भरायचं म्हणतोय. मंडळाच्या नावाने चेक देऊन छोटा कार्यक्रम करावा का?

उत्तर: पैसे जरूर द्या, कार्यक्रम नका करू. ज्यांची उधारी फिटली त्यांची नावं तुम्हाला कळता कामा नयेत आणि शाळाही ती देणार नाही, चेक सरळ डिस्ट्रिक्टच्या न्यूट्रिशन ऑफिसला द्या आणि कशासाठी ते लिहून द्या. मिनेसोटात सेंट पॉलच्या शाळेत फिलँडो कॅस्टिल कॅफेटेरिया सुपरवायझर होते, मुलांकडे पैसे नसले की स्वतःच्या खिशातून भरायचे. २०१६ मध्ये पोलिसाच्या गोळीने ते गेले, त्यानंतर त्यांच्या नावाने लोकांनी जे पैसे जमवले त्यातून सेंट पॉलच्या मुलांची उधारी फेडली गेली. आणि त्याच मिनेसोटाने २०२३ मध्ये सगळ्या मुलांना जेवण फुकट केलं. तोपर्यंत देणग्या भरल्या तरी पुढच्या वर्षी उधारी नव्याने उभी राहायचीच, म्हणून चेकबरोबर काही प्रश्नही घेऊन जा.

पहिला प्रश्न सीईपीचा, म्हणजे कम्युनिटी एलिजिबिलिटी प्रोव्हिजनचा. ही २०१० च्या कायद्यातली योजना आहे, शाळेतली निदान २५ टक्के मुलं फूड स्टॅम्पसारख्या, म्हणजे कमी उत्पन्नाच्या घरांना धान्य-किराण्यासाठी मदत देणाऱ्या, सरकारी योजनांमुळे आपोआप पात्र असतील तर अख्ख्या शाळेला फॉर्मशिवाय फुकट जेवण देता येतं, २०२३ च्या आधी ही अट ४० टक्के होती. तुमची शाळा आता बसते का आणि बसत असून घेतली नसेल तर का नाही, हे विचारा. कधीकधी उत्तर खरंच पैशाचं असतं कारण पात्र मुलं कमी असली की सरकारकडून मिळणारे पैसे पुरत नाहीत, पण कधी कोणी हिशोबच केलेला नसतो. दुसरं, उधारीची लेखी पॉलिसी मागा आणि त्यात मुलाच्या हाती निरोप, वेगळं सँडविच, ट्रिप-प्रॉम बंदी यातलं काय आहे ते वाचा. तिसरं, ऑनलाईन पैसे भरायला बऱ्याच ठिकाणी प्रत्येक वेळी फी लागते, अमेरिकी सरकारच्या ग्राहक संरक्षण ब्युरोच्या २०२४ च्या रिपोर्टमध्ये ती सरासरी २.३७ डॉलर निघाली. जो पालक पगार झाला की पाच-दहा डॉलर टाकतो त्याला ही फी सगळ्यात जास्त पडते, आणि फी न लागता पैसे भरायची एक तरी सोय डिस्ट्रिक्टने ठेवावीच लागते, ती कुठे आहे हे पालकांच्या ग्रुपवर मराठीत लिहून टाका. स्कूल बोर्डाच्या मीटिंगमध्ये पालकांना बोलायला वेळ असतो, आधी नाव नोंदवावं लागतं. जाताना दोघंतिघं मिळून जा.